साडेसहाशे माणसं, एक स्टेज : पुण्यातल्या एका स्वागत समारंभाचं प्रकरण

लग्नकार्यांचं नियोजन हे माझं काम. त्यातला एक स्वागत समारंभ इथे सविस्तर मांडते आहे. माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून काही तपशील बदलले आहेत.

पार्श्वभूमी

घर कोथरूडचं. वडील बँकेतून निवृत्त झालेले, आई शाळेत शिक्षिका, घरात चौऱ्याऐंशी वर्षांच्या आजी. थोरल्या मुलीचं लग्न चार वर्षांपूर्वी झालं होतं. धाकटीचं डिसेंबरमध्ये ठरलं, मुलगा साताऱ्याचा. दोघंही नोकरीला पुण्यातच, ती हिंजवडीला, तो खराडीला. लग्न दीडशे घरच्या माणसांत आटोपायचं आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दोन्ही घरांचा मिळून एकच स्वागत समारंभ करायचा, असं व्याह्यांनी आपसांत ठरवलं होतं. कार्यालय म्हात्रे पूल ते राजाराम पूल या डीपी रस्त्यावरच्या पट्ट्यातलं होतं, हॉल आणि बाहेर लॉन असं दोन्ही असलेलं.

मुलीचे वडील, म्हणजे काका, मला पहिल्यांदा भेटायला आले तेव्हा मेन्यू, डेकोरेशन, बजेट यांतलं काहीच बोलले नाहीत. म्हणाले, "ताई, थोरलीच्या रिसेप्शनला माझे जुने साहेब आले होते. पंचाहत्तरी ओलांडलेले. पाऊण तास रांगेत उभे राहिले आणि मुलीला न भेटताच परत गेले. मला ते दुसऱ्या दिवशी फोनवर कळलं. तेवढं एक या वेळी होऊ द्यायचं नाही."

बहुतेक घरं बोलणी सुरू करतात ती स्टेजच्या मागच्या पडद्याच्या रंगापासून. या घराला काय नको आहे ते नेमकं ठाऊक होतं, आणि माझं अर्धं काम तिथेच सोपं झालं.

अडचण

रांग लांबते हे सगळ्यांनाच माहीत असतं. ती का लांबते हे मात्र कुणी मोजत नाही. काकूंनी थोरलीच्या रिसेप्शनच्या व्हिडिओचा पेन ड्राइव्ह शोधून काढला. एका रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप ठेवला आणि काकांनी मोबाइलचं स्टॉपवॉच हातात घेतलं. पहिला माणूस पायरीवर पाय ठेवतो तिथून शेवटचा पलीकडे उतरतो तिथपर्यंत, असे सलग चाळीस गट आम्ही मोजले.

एका गटाला सरासरी ५५ सेकंद लागली होती. त्यातली खऱ्या भेटीची, म्हणजे हातात हात घेऊन दोन शब्द बोलण्याची, जेमतेम पंधरा-अठरा. उरलेला वेळ कुठे गेला ते पडद्यावर स्वच्छ दिसत होतं. स्टेज चांगलंच उंच, पायऱ्या अरुंद, आणि चढायची-उतरायची बाजू एकच, म्हणून उतरणारे चढणाऱ्यांसाठी थांबलेले. "जरा आत सरका", "इकडे बघा", "अजून एक घेतो" हे फोटोग्राफरचं चाललेलं. मागे राहिलेल्या मावशींना मारलेल्या हाका. प्रत्येक पाकीट नवरीच्या हातात, तिच्याकडून मागे उभ्या मामेभावाकडे. पुष्पगुच्छांचंही तेच.

मग हिशेब केला. साडेसहाशे माणसं धरली आणि ती साधारण तिघा-तिघांच्या गटाने येतात असं मानलं, तर दोनशे दहाच्या आसपास गट होतात. प्रत्येकी ५५ सेकंद म्हणजे तीन तासांहून जास्त. थोरलीच्या वेळी जोडा स्टेजवर उभा होता दोन तास दहा मिनिटं. तेवढ्यात एकशे चाळीस गटच होऊ शकतात. म्हणजे साहेब न भेटता गेले त्यात कुणाचा हलगर्जीपणा नव्हता. सत्तर गटांना त्या रात्री वेळ मिळणारच नव्हता. हे कळल्यावर काका बराच वेळ गप्प बसले. चार वर्षं ते स्वतःला दोष देत होते.

या वेळच्या अडचणी आणखी वेगळ्या होत्या. साताऱ्याहून दोन बसमधून नव्वद माणसं यायची होती आणि त्यांना रात्री खंबाटकी घाटाच्या वाटेने परत जायचं होतं, त्यामुळे नऊला तरी निघणं भाग होतं. उलट हिंजवडी-खराडीची ऑफिसातली मंडळी साडेआठच्या आत पोचणं कठीण. लाउडस्पीकर रात्री दहाला बंद. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत ही वेळ आहे आणि कार्यालयाच्या करारातही ती लिहिलेली होती. डिसेंबरमध्ये नदीकाठच्या लॉनवर आठनंतर चांगलीच थंडी पडते, म्हणजे म्हाताऱ्या माणसांना बाहेर बसवायची सोय नाही. आणि त्याच दिवशी सकाळी त्याच हॉलमध्ये दुसरं लग्न असल्याने डेकोरेटरला हॉल चारला मिळणार होता.

कोणते पर्याय होते

माणसं कमी करणं हा पहिला पर्याय. यादी काढून बसलो आणि तासाभरात सोडून दिला. काका म्हणाले, "ज्यांच्याकडे मी जेवून आलोय त्यांना बोलवायचं नाही, हे मला जमणार नाही." मला ते पटलं. यादी हा त्या घराचा प्रश्न आहे. बाहेरच्या माणसाने त्यात जोर लावू नये.

दुसरा पर्याय वेळ वाढवण्याचा. सात ते दहाऐवजी साडेसहा ते दहा. यात अर्धा तास मिळतो, पण माणसं म्हणून लवकर येतात असं नाही. तरी साताऱ्याच्या मंडळींसाठी त्याचा उपयोग होता, म्हणून तो घेतला.

तिसरा, पत्रिकेत दोन वेळा छापायच्या: काहींना साडेसहा, काहींना आठ. कागदावर हा उत्तम दिसतो. पण पत्रिका एकाच बिल्डिंगमधल्या दोन घरांत जातात, आणि "तुम्हाला आठ आणि आम्हाला साडेसहा का" हा प्रश्न लग्नानंतर वर्षभर पुरतो. छापायचं नाही, फोनवर सांगायचं असं ठरलं. साताऱ्याला मुलाच्या वडिलांनी "साडेसहाला पोचा" म्हणायचं आणि ऑफिसच्या ग्रुपवर "निवांत आठपर्यंत या" असा निरोप मुला-मुलीने टाकायचा.

चौथा पर्याय मुलीचा होता. स्टेजच नको, आम्ही दोघं सगळ्यांमध्ये फिरतो, म्हणाली. तिच्या मैत्रिणीच्या रिसेप्शनला तिने ते पाहिलं होतं. काकूंना शालूची आणि दागिन्यांची काळजी. आजींचा विरोध त्याहून ठाम. त्या म्हणाल्या, "आलेल्या माणसाला आल्या आल्या जोडा दिसला पाहिजे. शोधत फिरायला लावायचं का त्याला?" हे जुनं म्हणून बाजूला सारण्यासारखं बोलणं नव्हतं. स्टेजचं खरं काम तेच आहे: जोडा कुठे आहे हे सगळ्यांना दिसणं. पुढे आजींचा मुद्दा किती बरोबर होता ते आम्हाला कळलंच.

काय ठरवलं

शेवटी दोन्हींची सांगड घातली. पावणेसात ते साडेआठ जोडा स्टेजवर. त्यानंतर दोघांनी खाली उतरायचं, टेबलांवर जाऊन भेटायचं, आणि नऊच्या सुमारास स्वतः जेवायला बसायचं. थोरली तिच्या रिसेप्शनला सव्वाअकराला जेवली होती, गार मसालेभात आणि दोन जिलब्या. तिने स्वतः ही अट घातली: बहिणीने गरम जेवायचं.

स्टेज फूटभर उंचीचं केलं. डावीकडे चढायला उतार, म्हणजे व्हीलचेअरही वर जाईल, आणि उजवीकडून उतरलं की समोरच जेवणाची दारं.

रांगेसाठी खुर्च्या मांडल्या, आणि या सगळ्यातला मला सर्वांत आवडलेला निर्णय हाच. स्टेजच्या डाव्या अंगाला पंधरा-पंधरा खुर्च्यांच्या चार ओळी. आलेल्याने शेवटच्या ओळीत बसायचं, पुढची ओळ मोकळी झाली की सरकायचं. दोन चुलतभाऊ तिथे उभे. त्यांचं काम एकच, एका घरातली माणसं वर जाण्याआधी एकत्र आहेत ना ते बघणं. मावशींना हाका खालीच मारायच्या.

फोटोग्राफरशी वेगळं बोलणं झालं. तो सुरुवातीला नाराज होता, प्रत्येक गटाचे तीन फोटो ही त्याची सवय. त्याला व्हिडिओतली मोजणी दाखवली. मग त्यानेच सुचवलं की दुसरा कॅमेरा बाजूने सतत चालू ठेवतो, भेटतानाचे फोटो त्यातून मिळतील, समोरून फक्त एक काढतो.

जेवणाचं फार लांबवत नाही. केटररने बुफेच्या दोन सारख्या ओळी आमनेसामने लावायच्या, डोशाचा काउंटर लॉनच्या पार टोकाला, कारण त्याची रांग बुफेच्या रांगेत मिसळली की दोन्ही अडतात. हॉलच्या आतल्या खोलीत चाळीस माणसांची टेबल-पंगत, वाढपी वाढतील अशी, ज्येष्ठांसाठी. मेन्यू साधा मराठी: मसालेभात, अळूची भाजी, बटाट्याची भाजी, कोशिंबीर, पुऱ्या, जिलबी, मठ्ठा, आणि थंडीचं टोमॅटोचं सार. करार साडेपाचशे पानांचा, वर पन्नास पानांची तयारी. बसचे ड्रायव्हर, फोटोग्राफर, लाइटवाले, वादक यांची बावीस पानं वेगळी धरली. ती धरली नाहीत तर ही माणसं रात्री अकराला उरलंसुरलं खातात.

संगीत म्हणजे सुरुवातीला सनई, मग सतारवादन, आणि स्पीकर फक्त स्टेजच्या बाजूला. जेवणाकडे एकही नाही. चार वर्षांनी भेटलेल्या दोन माणसांना एकमेकांच्या कानात ओरडावं लागू नये, एवढीच अपेक्षा होती.

पार्किंगचा प्रश्न या रस्त्यावर सुटत नाही, सौम्य होतो. एका संध्याकाळी शेजारशेजारची कार्यालयं भरलेली असतात. पत्ता पाठवताना सोबत लिहिलं की मेट्रोने नळ स्टॉपला उतरून रिक्षाने यावं. बरेच जण तसे आले.

त्या संध्याकाळी

सकाळचं लग्न लांबलं आणि हॉल चारऐवजी पावणेपाचला ताब्यात मिळाला. स्टेज वेळेत उभं राहिलं, पण उताराची फळी बसवता बसवता साडेसहा वाजले. मुलीचा मेकअप लांबला. पावणेसातला स्टेजवर दोन रिकाम्या खुर्च्या होत्या, आणि साताऱ्याच्या दोन्ही बस सहा पन्नासला दारात लागल्या.

इथे पहिला मोठा निर्णय घ्यायचा होता. आपल्याकडचा क्रम ठरलेला आहे, आधी भेट, मग जेवण. जोडा यायला अर्धा तास तरी होता. नव्वद माणसांना खुर्च्यांवर बसवून ठेवायचं, की जेवण उघडायचं? मी काकांना म्हटलं, उघडू या. ते तयार झाले. केटररला इशारा केला, आणि काका स्वतः हात जोडून साताऱ्याच्या मंडळींना सांगत फिरले, "आधी पान घ्या, मुलं येतायत, मग निवांत भेटा."

माणसं उठली, जेवायलाही लागली. अडचण आली ती दुसरीकडून. मुलाच्या आई मुलासोबत खोलीत होत्या. त्या बाहेर आल्या तेव्हा त्यांची माणसं ताटं घेऊन उभी. ना कुणी त्यांना मुलाला भेटवलं, ना विहिणींनी स्वागत केलं. चेहऱ्यावर दिसलं. त्या एवढंच म्हणाल्या, "आमच्या लोकांना आल्या आल्या जेवायला पाठवलं."

चूक माझी होती. निर्णय बरोबर असला तरी तो एका घराने एकट्याने घेतला होता. विहीणबाईंना निरोप द्यायला एक मिनिट पुरलं असतं, आणि त्या गडबडीत तेवढं मला सुचलं नाही.

सावरलं ते काकूंनी, आणि कुणी न सांगता. त्या थेट विहीणबाईंकडे गेल्या, म्हणाल्या, "चला, आपण दोघी वाढू." आतल्या पंगतीत साताऱ्याची ज्येष्ठ मंडळी बसली होती. काकूंनी वाढप्याच्या हातातलं जिलबीचं ताट घेतलं, विहीणबाईंनी मठ्ठ्याचा जग. पैठणीचा पदर कमरेला खोचून दोघी ओळीने वाढत गेल्या. एका आजोबांनी ताटावर आडवा हात धरला, "पुरे, पुरे". विहीणबाई म्हणाल्या, "दादा, माझ्या हातची नाही म्हणायचं नाही," आणि जिलबी त्यांच्या बोटांच्या फटीतून ताटात सोडली. सगळी ओळ हसली. काकूंनी मागून सांगितलं, "आणि माझी एक." खोलीतून बाहेर येताना विहीणबाई मोकळ्या झाल्या होत्या.

जोडा स्टेजवर आला सात पंचवीसला. जेवलेली साताऱ्याची मंडळी तोवर खुर्च्यांवर येऊन बसली होती. उतारामुळे आणि वेगळ्या उतरण्यामुळे रांग सतत पुढे सरकत राहिली. फोटोग्राफरने शब्द पाळला. मी मधूनमधून मोजत होते, एका गटाला चाळीस सेकंदांच्या आतच. भेटीची पंधरा-अठरा सेकंद तशीच होती, कुणालाही पुढे ढकलावं लागलं नाही.

पाकिटांचा बेत फसला. पत्रिकेत आहेर नको असं लिहिलं होतं, तरी पाकिटं येणार हे गृहीत धरून खाली एक टेबल मांडलं होतं. तिथे फारसं कुणी थांबलं नाही. माणसाला ते मुलीच्या हातातच द्यायचं असतं, डोक्यावर हात ठेवताना. ते मोडण्याचा प्रयत्न मी पुन्हा करणार नाही. मामेभाऊ पिशवी घेऊन मागे उभा राहिला, पूर्वीसारखाच.

साहेब साडेआठला आले, काठी टेकत. काका दारापर्यंत गेले, त्यांना पंगतीच्या खोलीत नेऊन बसवलं. आठ चाळीसला जोडा खाली उतरला तो पहिल्यांदा तिथे गेला. मुलगी शालू सावरत त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसली, नवरा उभा राहिला तर साहेबांनी त्यालाही हाताने खाली बसवलं. तीन-चार मिनिटं बोलले असतील. स्टेजवर एवढा वेळ कुणालाच मिळत नाही. काका दाराशी उभे होते, आत आले नाहीत.

काय साधलं, काय राहिलं

पानं झाली ५८७. साताऱ्याच्या बस नऊ वाजून दहा मिनिटांनी निघाल्या, सगळे जेवून, भेटून. जोडा सव्वानऊला मित्रमंडळींच्या टेबलावर जेवायला बसला, आणि थोरलीने बहिणीच्या पानात वाफाळता मसालेभात वाढला. दहाला स्पीकर बंद झाला तेव्हा हॉलमध्ये शंभरेक माणसं अजून गप्पा मारत होती, आवाजाविनाच.

पण पावणेनऊ ते सव्वानऊच्या दरम्यान आलेल्यांची गैरसोय झाली. ही बहुतेक ऑफिसातली मंडळी, म्हणजे ज्यांना आम्हीच "निवांत या" म्हटलं होतं. आत आले तर स्टेज रिकामं. जोडा पंगतीच्या खोलीत, मग लॉनवर. काही जण दहा-पंधरा मिनिटं शोधत होते. पाच-सहा गट न भेटता गेले, असं नंतर फोनवरून कळलं. मुलीच्या एका आत्याच्या घरचा जोड्यासोबत एकही फोटो नाही, आणि ती खंत त्यांनी बोलून दाखवली. आजी म्हणाल्या होत्या ते हेच. सत्तरवरून सहावर आलो हे समाधान मोठं आहे, पण न भेटता गेलेल्या माणसाला त्या आकड्याचा काय उपयोग?

पुन्हा करायचं झालं तर

जोड्याला तयार होण्याची वेळ सांगताना मी आता पाऊण तास आधीची सांगते, आणि फोटो काढण्याचा कार्यक्रम दुपारी, कार्यालयाबाहेर उरकायला लावते. हॉल उशिरा मिळणार हे धरून उताराची फळी बाहेरून तयार करून आणायची, आत फक्त टेकवायची.

जेवण आधी उघडायचं की नाही हे दोन्ही घरांनी मिळून आठवडाभर आधी ठरवायचं. जोडा वेळेत आला नाही तर काय, हा प्रश्न बैठकीत विचारायला अवघड वाटतो. तरी विचारायचा, आणि तोही दोन्ही विहिणींसमोर. दारावर दोन्ही घरांतलं एकेक माणूस हवं, अत्तर-गुलाबपाणी घेऊन, म्हणजे आलेल्याला आपल्या घरचा चेहरा आधी दिसतो.

जोडा फिरायला लागला की स्टेज रिकामं ठेवायचं नाही. मुलीचे नाहीतर मुलाचे आई-वडील तिथे बसतील. सोबत दाराशी ठळक फलक: "वधू-वर सध्या जेवणाच्या टेबलांवर भेटत आहेत, साडेनऊला पुन्हा स्टेजवर येतील." आणि साडेनऊ ते पावणेदहा खरोखरच परत यायचं, उशिरा आलेल्यांसाठी आणि राहिलेल्या फोटोंसाठी. फोटो हवेतच अशा घरांची यादी दोन्हीकडून आदल्या दिवशी घ्यायची आणि ती फोटोग्राफरकडे न देता घरातल्या कुणा माहीतगार मुलीकडे द्यायची, कारण आत्या कोण आणि मावशी कोण हे त्याला कसं कळणार?

आत्यांचा फोटो लग्नानंतर पंधरा दिवसांनी निघाला. काकूंनी त्यांना घरी जेवायला बोलावलं, मुलीने तोच शालू पुन्हा नेसला.